सासूबाईंच्या डावाचा पत्ता

पाणी वळवणं हा माझा शब्दशः पोटापाण्याचा धंदा आहे. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात मी उपअभियंता आहे. इकडचा व्हॉल्व बंद करायचा, तिकडचा उघडायचा, आणि या गल्लीकडे निघालेलं पाणी गुपचूप त्या गल्लीत न्यायचं, यात माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली. त्यामुळे सासूबाई एके सकाळी चहा पिताना म्हणाल्या, की त्यांचा बुद्धिबळाचा प्रोग्राम चुकीच्या पत्त्यावर जातोय आणि तो दुसऱ्या पत्त्यावर वळवायला हवा, तेव्हा मी वर्तमानपत्रही खाली न घेता म्हणालो, "त्यात काय, देतो की वळवून."

हे वाक्य परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. न्हाणीघरातला नळ मी स्वतः दुरुस्त करायला घेतला होता, तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं. त्या नळाबद्दल मी इथे लिहिणार नाही.

सासूबाई आमच्याकडेच असतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहेत. रोज संध्याकाळी त्या खिडकीजवळच्या जुन्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायच्या. समोर नेहमी एकच खेळाडू. त्याचं तिथलं नाव 'हळू घोडा'. तो बाई की बुवा, म्हातारा की तरणा, काळा की गोरा, याचा त्यांना पत्ता नव्हता आणि तशी चौकशी करणं त्यांना आगाऊपणाचं वाटे. दिवसाला एखाददुसरी चाल, फार तर "आज उशीर झाला" एवढा निरोप. असं बरीच वर्षं चाललं होतं.

मग तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि आपला सर्व्हर बंद केला. सर्व्हर म्हणजे ज्या लांबच्या कॉम्प्युटरवर हे सगळे डाव मांडलेले असतात तो. खेळाडूंपैकी एका भल्या माणसाने कंपनीची परवानगी काढून सगळे अर्धवट डाव आपल्या घरच्या सर्व्हरवर नेले आणि सर्वांना कळवलं, की यापुढे या नव्या पत्त्यावर या. जुने डाव अमुक रविवारच्या संध्याकाळपर्यंत ठेवीन, तोवर जो फिरकणार नाही त्याचा डाव पुसला जाईल. आता हा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, नुसता एक आकडा असतो, मधे टिंबं दिलेला. नव्या प्रोग्राममध्ये तो बदलता येई, पण सासूबाईंच्या जुन्या प्रोग्रामच्या पोटात जुना आकडा कायमचा कोरलेला होता आणि तो बदलून देणारी कंपनीच उरली नव्हती. त्यामुळे बिचारा प्रोग्राम रोज त्या बंद घराशी जाऊन कडी वाजवायचा आणि परत यायचा.

बायको म्हणाली, "आई, नवीन खेळ घेऊ या की. हल्ली फुकट मिळतात."

सासूबाई म्हणाल्या, "नव्यात हळू घोडा नाही."

तो विषय तिथेच संपला. पण त्या रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला कॉम्प्युटरसमोर बसायच्या, 'जोडणी होत आहे' असं लिहिलेलं ते गोल गोल फिरणारं चक्र पाहायच्या, आणि थोड्या वेळाने काही न बोलता उठायच्या. जेवताना मी बोलण्याच्या ओघात काही आकडेमोड केली तर ती दुरुस्त करणं हा त्यांचा आवडता छंद. तोही बंद पडला. एकदा मी मुद्दाम बेरीज चुकवून पाहिली. त्यांनी "हं" म्हटलं आणि पाण्याचा पेला उचलला. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला एक गृहस्थ आहेत. कुठलीही तक्रार नेली की ते "रिस्टार्ट करा" म्हणतात, म्हणून सगळे त्यांना रिस्टार्टसाहेब म्हणतात. मी त्यांना गाठलं. आधी त्यांनी रिस्टार्ट करायला सांगितलंच. मग म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये एक छोटी फाइल असते, कुठल्या नावाचा पत्ता कुठला ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्यात जुन्या नावापुढे नवा आकडा घाला, काम फत्ते.

घरी येऊन मी फाइल शोधली. तिच्यात आकडा घातला. ती जतन करायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणाला, हा अधिकार तुम्हाला नाही, व्यवस्थापकाला विचारा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राकडून हे ऐकून घेणं मनाला लागतं. व्यवस्थापक कोण, तर माझी बायको. कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी मी घरी नव्हतो, एवढ्या भांडवलावर तिने ते पद मिळवलं होतं. तिने पासवर्ड घातला, पण मला तोंड फिरवून उभं राहायला लावून.

फाइल बदलली. चक्र तसंच फिरत राहिलं. रिस्टार्टसाहेबांना फोन केला तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितलं, की तुमचा प्रोग्राम नाव विचारतच नसणार, थेट आकड्याकडेच जात असणार. ज्याला घराचा नंबर पाठ आहे तो दारावरची पाटी कशाला वाचेल? मग उपाय एकच. घरातून बाहेर जाणारी सगळी वाहतूक ज्या राउटरमधून जाते, तिथेच त्याला अडवायचं आणि दुसरीकडे धाडायचं.

हे मात्र मला फार आवडलं. म्हणजे व्हॉल्वच की. अडचण एवढीच, की राउटर आमचा नव्हता. आमच्या सोसायटीने अख्ख्या इमारतीसाठी एकच जोडणी घेतलेली आहे. तिचा राउटर तळमजल्यावर लिफ्टशेजारच्या खोलीत कुलपात असतो आणि किल्ली असते सेक्रेटरींकडे.

सेक्रेटरींना आम्ही खासगीत परिपत्रक म्हणतो. जिन्यात चप्पल कुठे काढावी इथपासून गच्चीवर शिंकण्यापर्यंत त्यांची परिपत्रकं आहेत. त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्ज मागितला. मी 'आयपी पत्ता वळवण्याबाबत' असा विषय घालून अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. शेरा होता: पत्ता बदलत असल्यास नव्या पत्त्याचा पुरावा जोडावा, व घर भाड्याने देणार किंवा कसे याचा खुलासा करावा.

मी खुलासा केला, की घर सोडून कोणी जात नाही, सासूबाईंचा घोडा जातो. हे मी लेखी द्यायला नको होतं.

शेवटी प्रकरण कमिटीपुढे गेलं. पाणीपुरवठा खात्यात असल्यामुळे आमच्या इमारतीत मला तसाही मान नाही. नळाला करंगळीएवढी धार आली की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू उरलेलं पाणी मीच प्यायलो. पहिल्या मजल्यावरचे वकील म्हणाले, आधी तिसऱ्या मजल्यावर पाणी वळवा, मग पत्ते वळवा. मग त्यांनी मला बाजूला घेऊन त्या बंद पडलेल्या कंपनीला नोटीस पाठवायचा सल्ला दिला. कंपनीच नाही तर नोटीस कोणाला, असं विचारलं तर म्हणाले, तेच तर कोर्टात सिद्ध करता येईल. तळमजल्यावर दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र सासूबाईंची बाजू घेतली. त्यांच्या मुलीला गणितात सासूबाईंनीच तारलं होतं. सरतेशेवटी परवानगी मिळाली, ती सेक्रेटरींच्या देखरेखीखाली आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवण्याच्या अटीवर.

आता राउटरचा पासवर्ड हवा होता. इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीला मी सांगितलं, की आमचा एक आयपी पत्ता दुसऱ्या पत्त्यावर वळवायचा आहे. ती अत्यंत गोड आवाजात म्हणाली, पत्ता बदलायची नोंद झाली आहे, रविवारी सकाळी आमचा माणूस येऊन जोडणी काढून नव्या जागी बसवून देईल. मी हादरून नाही नाही म्हणालो. ती म्हणाली, नोंद रद्द करायला जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच फोन करावा. जोडणी सेक्रेटरींच्या नावावर. त्यांना हे सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हटलं, रविवारचं रविवारी बघू.

शनिवारी दुपारी लिफ्टशेजारच्या खोलीत आम्ही गेलो. पुढे किल्ली घेऊन सेक्रेटरी, मागे नळकांडं घेऊन मी. ज्या पासवर्डसाठी मी एवढी उरस्फोड केली होती, तो राउटरच्याच पोटाला चिकटवलेला निघाला. सेक्रेटरी म्हणाले, गोपनीयतेच्या दृष्टीने हे योग्य नाही, आणि त्यांनी तो आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेतला.

नळकांडं सेक्रेटरींच्या हाती देऊन मी लॅपटॉप जोडला आणि राउटरचं पान उघडलं. रकाने सरळ होते. पहिल्यात नियमाचं नाव, दुसऱ्यात कुठला मूळ पत्ता अडवायचा तो, तिसऱ्यात कुठे धाडायचं तो नवा पत्ता. पण मी भरायला घेतलं आणि सेक्रेटरी कानाशी येऊन विचारू लागले, की याने लिफ्टवर परिणाम होईल का, इमारतीच्या विम्यावर होईल का. त्यांना उत्तरं देता देता मी जुना आकडा पहिल्याच रकान्यात लिहिला. दुसरा रिकामा राहिला. तिसऱ्यात नवा आकडा. बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. मी सेक्रेटरींकडे असं पाहिलं, की त्यांनी न सांगता नळकांडं खाली ठेवलं.

ती हिरवी खूण हा त्या दिवसातला माझा शेवटचा आनंद.

आधी वकील खाली आले. त्यांची कोणा अशिलाशी व्हिडिओवर बोलणी चालली होती आणि अशील तोंड उघडं असतानाच गोठला होता. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं, की खुर्चीत पेशंट आहे आणि त्याच्या दाढेचा फोटो येईनासा झाला. दुसऱ्या मजल्यावरचे टीव्ही बंद पडले. बायकोचा फोन आला, पण तो आवाज ऐकूनच मी ठेवून दिला. नियम काढून टाकावा म्हणून राउटरचं पान उघडायला गेलो, तर तेही उघडेना.

तेवढ्यात मोबाइलवर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या नव्या सर्व्हरचा मालक बोलत होता. मी मागे पत्त्याची खात्री करून घेताना त्याला माझा नंबर कळवला होता. आवाज अगदी मृदू.

"माफ करा, त्रास देतोय," तो म्हणाला, "पण तुमच्याकडून माझ्याकडे नक्की कोणकोण येणार आहे? सासूबाई येणार असं तुम्ही म्हणाला होतात. इथे सगळी इमारतच दारात उभी आहे."

टीव्ही, कॅमेरे, फोन, कोणाचा तरी वजनकाटा, सगळे एकाच वेळी त्याच्या घरच्या सर्व्हरवर धडका देत होते. सर्व्हर मान टाकायला लागला, म्हणून त्याने नाइलाजाने आमच्या इमारतीलाच दार बंद केलं होतं. मी त्याची शक्य तितक्या वेळा माफी मागितली. तो म्हणाला, ठीक करा, मग दार उघडतो; पण उद्या संध्याकाळी जुने डाव पुसले जातील, ते काम आपोआप व्हायचं लावून ठेवलंय, त्यात आता मला हात घालता येणार नाही.

मी वर गेलो. सासूबाईंना सगळं सांगणं भाग होतं. त्यांनी रागावावं अशी माझी फार इच्छा होती, पण त्यांनी फक्त प्रत्येक रकान्यात काय लिहिलं ते क्रमाने विचारलं.

"म्हणजे कोणता पत्ता अडवायचा, ते तुम्ही लिहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "अट रिकामी सोडली की ती सगळ्यांनाच लागू होते. राउटरने तुमचं अक्षरशः ऐकलं. त्याचं स्वतःचं पानसुद्धा त्याने तिकडेच धाडलं."

त्यांच्या शाळेतली मुलं गणितात पास का होत असत ते मला कळलं. ती मुलं घाबरत का असत तेही.

राउटरला पाठीमागे एक बारीक भोक असतं. त्यात टोचलं की तो सगळं विसरून कोरा होतो, असं रिस्टार्टसाहेबांनी फोनवर सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा नेहमीचा सल्ला बरोबर ठरत असल्यामुळे त्यांचा आवाज भरून आला होता. पण भोक खोल होतं. टाचणी वाकली, सेफ्टीपिन आत पोचेना. शेवटी डॉक्टरबाई दवाखान्यातून दात कोरायचं हत्यार घेऊन आल्या. त्यांनी हातमोजे चढवले, वकिलांना बॅटरी धरायला लावली आणि राउटरला "थोडंसं टोचेल" असं सवयीने सांगून काम केलं. सगळे दिवे एकदम विझले आणि मग एकेक करून पेटले. जमलेल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

तो जरा लवकर सोडला. राउटर खरोखरच सगळं विसरला होता, इंटरनेट कंपनीच्या जोडणीची माहितीसुद्धा. ती पुन्हा भरायला कंपनीचा माणूस लागणार होता आणि कंपनीची कचेरी सोमवारी उघडणार होती. त्या संध्याकाळी इमारतीत घराघरांतून बोलण्याचे आवाज येत होते. विषय बहुतेक मीच होतो. सेक्रेटरींनी परिपत्रक काढलं. त्यात माझं नाव नव्हतं, 'पाणीपुरवठ्याशी संबंधित एक सभासद' असं होतं.

सासूबाई जेवल्या, भांडी आवरायला लागल्या. बायको त्यांना म्हणाली, की त्या हळू घोड्याला दुसरीकडून काही निरोप धाडता येईल का. त्या म्हणाल्या, "त्याचं नाव काय म्हणून धाडणार?" आणि कपड्याने ओटा पुसत राहिल्या. पुसून झालेला ओटा त्या पुन्हा पुसत होत्या. मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. जन्मभरात मी कित्येक गल्ल्या कोरड्या ठेवल्या, पण इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. खांद्यावर वायरचं वेटोळं घेतलेला एक माणूस उभा होता. म्हणाला, जोडणी काढून नव्या पत्त्यावर न्यायची आहे ना? मी त्याला इतक्या प्रेमाने आत घेतलं, की तो एक पाऊल मागे सरकला.

जोडणी न्यायची नाही, आहे तिथेच जिवंत करायची, हे त्याला पटेना. त्याच्याकडे नोंद स्थलांतराची होती. स्थलांतर झाल्याशिवाय तो परत जाऊ शकत नव्हता. तोवर सेक्रेटरी आले. जोडणी काढायची नोंद आहे हे ऐकून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी तो पाहिला नाही, मी भिंतीकडे पाहत होतो. पण कागदोपत्री गुंता सोडवणं हे त्यांचं खरं सुख. त्यांनी त्या माणसाला विचारलं, की स्थलांतर किती अंतराचं असावं असा काही नियम आहे का. नव्हता. मग राउटर खोलीच्या डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीवर गेला, 'स्थलांतर पूर्ण' अशी सही झाली आणि त्या माणसाने नेहमीप्रमाणे जोडणी नव्याने चालू करून दिली. इमारतीतले टीव्ही एकदम बोलू लागले. सेक्रेटरींबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

दुपार कलत आली होती. दुसऱ्यांदा नियम घालायला सेक्रेटरी परवानगी देतील अशी आशा नव्हती, पण सासूबाई स्वतः खाली आल्या. एक स्टूल मागवून घेतलं आणि त्यावर बसून म्हणाल्या, "भरा. मोठ्याने वाचत भरा."

मी एकेक रकाना वाचला. नाव. मूळ पत्ता, एकेक आकडा म्हणत. नवा पत्ता, तसाच. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. सेक्रेटरींनी काही विचारायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी नुसता हात वर केला. मग सासूबाईंनी मान हलवली आणि मी बटण दाबलं. आम्ही तिघंही कान देऊन उभे राहिलो. वरच्या मजल्यावर टीव्ही बोलतच होता. डॉक्टरबाईंनी दवाखान्याच्या दारातून हात हलवला. मी सर्व्हरच्या मालकाला फोन केला आणि त्याने दार उघडलं.

आम्ही वर आलो. सासूबाई खिडकीजवळ बसल्या. चक्र फिरलं, फिरलं आणि थांबलं. पट उघडला. हळू घोड्याचा निरोप वाट पाहत होता: "सगळं ठीक ना?"

बायकोने माझा दंड धरला. गेल्या कित्येक दिवसांत तिने मला पहिल्यांदाच आपणहून हात लावला होता. सासूबाईंनी चष्मा पुसला, पटाकडे पाहिलं, माउस हलवला आणि एक बटण दाबलं. पटावर अक्षरं उमटली: काळ्याने डाव सोडला.

मला वाटलं हात चुकला. मी म्हणालो, "आई, अहो, हे काय झालं?"

"मी हरले," त्या म्हणाल्या. "आठ चालींत मात होती. ते मला जोडणी तुटली त्याच दिवशी दिसलं होतं."

बायकोने माझा दंड सोडला. "म्हणजे हे सगळं हरण्यासाठी केलं आपण?"

"हरण्यासाठी कशाला? हरले तर होतेच." त्या निरोप टाइप करत होत्या, एका बोटाने, शांतपणे. "पण सांगायला नको? हरायला लागल्यावर मी न बोलता पटावरून उठून गेले, असं त्याला आयुष्यभर वाटलं असतं. इतकी वर्षं खेळलोय आम्ही."

त्यांनी लिहिलं होतं: "घरी जरा दुरुस्ती चालू होती. घोडा छान खेळलात."

मी मनात इमारतीतल्या एकेकाचे चेहरे आणून त्यांना हे कसं समजावून सांगायचं याचा विचार केला आणि मग तो विचार सोडून दिला. तेवढ्यात उत्तर आलं: "मला वाटलं माझंच काही चुकलं. नवा डाव?"

पट कोरा झाला. सोंगट्या पुन्हा ओळीने उभ्या राहिल्या. या वेळी पांढऱ्या सासूबाईंकडे होत्या. मी हळूच निघालो, तर त्यांनी पाठ न वळवता पायाने शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पण बोलू नका."